शास्तावर नाव लागेपर्यंत

ट्रेलर आठशे डॉलरला मिळाला आणि त्याचा मालकीचा कागद, म्हणजे टायटल, मिळायला पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत काय काय करावं लागलं ते सगळं लिहून काढते आहे. कागद नसलेला जुना ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं छोटं घर, विकायला निघाला की लोक एक तर घाबरून परत फिरतात, नाही तर 'पुढचं पुढं बघू' म्हणत घेऊन टाकतात आणि मग तो परसात गंजत पडतो. दोन्ही गोष्टींनी मला वाईट वाटतं. यातून सरळ वाट निघते, वेळ मात्र द्यावा लागतो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, सॅन अँटोनियोच्या उत्तरेला, हिल कंट्री सुरू होते त्या बाजूला. अमेरिकेत दर राज्याचा कायदा वेगळा, त्यामुळे पुढचं सगळं टेक्सासपुरतं.

एका बाईंचे वडील वारले होते आणि त्या त्यांची जमीन आवरत होत्या. बाई सत्तरीच्या. लाइव्ह ओकच्या झाडाखाली, गुडघाभर गवतात हा ट्रेलर उभा होता: १९६२ची सोळा फुटी शास्ता एअरफ्लाइट. शास्ता कंपनी १९४१मध्ये रॉबर्ट ग्रे यांनी कॅलिफोर्नियात काढली. सुरुवातीचे ट्रेलर सैन्यातल्या लोकांच्या राहण्यासाठी होते, नंतर ते घरोघरच्या सुट्ट्यांचे झाले. मागच्या बाजूला दोन्हीकडे पत्र्याचे छोटे पंख असतात, त्यावरून शास्ता लांबून ओळखू येते. आमच्या ट्रेलरचा एक पंख वाकलेला होता, दुसरा शाबूत. आत ओलीचा वास, छताच्या प्लायवूडला पोपडे, पण चूल, आइसबॉक्स आणि पिवळी लाकडी कपाटं जागच्या जागी होती. मी दारात उभी राहिले आणि मला तो हवाच होता.

"टायटल नाही," बाईंनी आधीच सांगितलं. "बाबांनी हा १९७१मध्ये कामावरच्या एका माणसाकडून रोख पैसे देऊन घेतला. तो माणूस गाव सोडून गेला. बाबांनी ट्रेलर इथं झाडाखाली लावला तो लावला. आम्ही पोरं उन्हाळ्यात यातच झोपायचो. रस्त्यावर कधी नेलाच नाही, म्हणून कागद करायचंही कुणाच्या मनात आलं नाही."

हे ऐकताना मला कऱ्हाडचे मामा आठवले. ते तलाठी होते. सुट्टीत त्यांच्याकडे गेलं की सकाळपासून ओसरीवर माणसं बसलेली असायची आणि निम्म्यांचं गाऱ्हाणं एकच: "अण्णा, कसतोय मीच, पण नाव लागंना." जमीन तीस वर्षं ताब्यात, उताऱ्यावर नाव चुलत आजोबांचं. इथंही तेच होतं, फक्त जमिनीऐवजी चाकं. टायटल म्हणजे गाडीचा उताराच. तो नसेल तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, धड विकता येत नाही, आणि उद्या कुणी येऊन 'ही माझी' म्हणालं तर तुमच्याकडे दाखवायला काही नसतं.

टेक्सासमध्ये एक गैरसमज फार पसरलेला आहे. चार हजार पौंडांहून हलक्या ट्रेलरला टायटल लागत नाही, असं जो तो सांगतो. सामान वाहायच्या ट्रेलरसाठी ते खरं आहे. ट्रॅव्हल ट्रेलर मात्र, म्हणजे ज्यात माणूस राहू शकतो असा, कितीही हलका असला तरी कायद्यानं मोटार वाहनात मोडतो आणि त्याला टायटल लागतंच. आमचा दोन हजार पौंडांच्या आसपासचा. तरी सुटका नव्हती.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे नोंदीवरचा मालक शोधून काढणं. तो हयात असेल तर व्हीटीआर-३४ हा फॉर्म भरून त्यालाच टायटलची प्रमाणित प्रत काढता येते. टपालानं दोन डॉलर, समक्ष गेलं तर पाच डॉलर पंचेचाळीस सेंट. तो वारला असेल आणि मृत्युपत्राचा वाद नसेल तर व्हीटीआर-२६२ हे वारसांचं प्रतिज्ञापत्र आहे. सगळ्या वारसांनी सह्या केल्या की काम होतं. म्हणून कुठलाही जुना ट्रेलर घेताना पहिला आठवडा या शोधासाठी द्यावा, बाकी खटपट नंतर. आम्ही दिला. पण ज्यानं १९७१मध्ये ट्रेलर विकला त्याचं नुसतं पहिलं नाव बाईंना आठवत होतं, आणि राज्याच्या मोटार वाहन विभागाकडे विचारणा केल्यावर 'नोंद नाही' असं उत्तर आलं. बाई वारस होत्या, पण वडिलांचंच नाव कधी लागलं नव्हतं, तर वारसांचं कुठून लागणार?

मग सल्ले यायला लागले. व्हरमाँट राज्यातून टपालानं नोंदणी करून आणा, हा त्यातला एक. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना तिथं टायटल लागत नसे आणि बाहेरच्या राज्यातल्या माणसालाही नोंदणी मिळत असे. त्यावर कित्येकांनी कामं करून घेतली. २०२३मध्ये त्यांनी नियम आवळले. पण वाट उघडी असती तरी मी गेले नसते. ज्या गावात आपण राहत नाही तिथला दाखला आणून आपल्या गावात दाखवायचा, हे मला पटत नाही. दुसरा सल्ला याहून वाईट होता: भंगारात गेलेल्या एखाद्या शास्ताचं टायटल विकत घ्या आणि तिचा सांगाड्यावरचा ओळख क्रमांक या ट्रेलरला लावा. हा सरळ सरळ गुन्हा आहे. असं कुणी सुचवलं तर त्याच्याशी त्या विषयावर पुढं बोलू नका.

राहिली बाँडची वाट.

बाँडेड टायटल म्हणजे काय ते मला मामांच्या भाषेत चटकन कळलं. सरकार म्हणतं, तुझी हकीकत खरी वाटते, पण खात्री नाही, तेव्हा जामीन दे. गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेची हमी एका कंपनीनं घ्यायची, तीन वर्षांसाठी. त्या काळात खरा मालक पुढं आला तर त्याचं नुकसान हमी कंपनी भरून देते आणि मग तेच पैसे तुमच्याकडून वसूल करते. हे नीट लक्षात ठेवायला हवं. हा तुमचा विमा नव्हे. तुमच्यामुळे ज्याचं नुकसान होईल त्याची ही सोय आहे. तोपर्यंत टायटलवर 'बाँडेड' असा शेरा राहतो, सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा असतो तसा.

सुरुवात खरेदीच्या कागदापासून केली. बाईंनी आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून विक्रीपत्र लिहिलं: तारीख, किंमत, वर्णन, दोघींची नावं-पत्ते, सह्या. पैसे मी चेकनं दिले, मुद्दाम. रोख दिले की माग राहत नाही, आणि रोख व्यवहाराचीच फळं आम्ही दोघी भोगत होतो.

क्रमांकाची जागा मात्र विक्रीपत्रावर रिकामी होती, कारण क्रमांक दिसतच नव्हता.

त्या काळच्या शास्ताचा क्रमांक बहुधा पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, जोडणीच्या कडीजवळ, पोलादात ठोकलेला असतो. आमच्या सांगाड्यावर साठ वर्षांचे रंग होते. वर काळा, त्याखाली चंदेरी, मग हिरवा, तळाशी लालसर प्रायमर. नवरा ग्राइंडर घेऊन आला. मी त्याला तिथंच थांबवलं. ग्राइंडरनं रंगाबरोबर आकडेही जातात, आणि क्रमांक घासलेला दिसला की तपासणारा पहिला संशय तुमच्यावरच घेणार. रंग सोडवायचं रसायन आणलं, ब्रशनं लावलं, वीस मिनिटं ठेवलं, प्लास्टिकच्या पट्टीनं उकललं, पितळी ब्रश हलक्या हातानं फिरवला. असं चार वेळा. चौथ्या वेळी पोलादावर एक वाकडी रेघ दिसली, मग तिच्या शेजारी दुसरी. संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं, त्यात आकडे एकेक करून वर आले.

सगळे वाचता आले, शेवटचा सोडून. तो तीन की आठ? नवरा म्हणे आठ, मी म्हणे तीन. खडू घासून पाहिला, कागद ठेवून पेन्सिल फिरवली, तरी पक्कं होईना. शेवटी घरात जाऊन रात्रीच्या पोळ्यांची कणीक आणली, चांगली घट्ट मळली आणि त्या आकड्यावर अंगठ्यानं दाबली. सावकाश सोडवून दिव्याखाली धरली. ठसा उलटा उमटतो, पण पोलादात जे खोल असतं ते कणकेत उंच होऊन येतं. एका बाजूच्या दोन्ही कडा उघड्या होत्या, कुठंही जोड नव्हता. तीनच होता. आईला व्हिडिओ कॉलवर तो गोळा दाखवला तर ती म्हणाली, "अगं, बरं केलंस. कागदापेक्षा कणकेला जास्त कळतं."

या जुन्या क्रमांकांबद्दल आणखी एक. सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१पासून सर्रास लागू झाला. त्याआधीचे क्रमांक आखूड असतात, कंपनीगणिक वेगळे. कुणी 'हा क्रमांक अपुरा आहे' म्हणालं तर गडबडून जाऊ नका, गाडीचं साल सांगा.

यानंतर पोलिसांची तपासणी. राज्यात नोंदच नसलेल्या गाडीसाठी व्हीटीआर-६८-ए हा फॉर्म लागतो, आणि तो प्रशिक्षण घेतलेल्या पोलीस अधिकाऱ्यानंच भरायचा असतो. फी चाळीस डॉलर. आम्हाला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. टायर फुटलेले आणि नोंदणी नाही, त्यामुळे ट्रेलर ओढून नेणं शक्य नव्हतं. मित्राच्या सपाट ट्रेलरवर शास्ता चढवली, चारी बाजूंनी पट्टे आवळले. हळदीकुंकवाला निघालेल्या आजीबाईंसारखी ती डुलत डुलत निघाली, आणि मी मागच्या गाडीत सगळा रस्ता जीव मुठीत धरून बसले होते.

अधिकारी तरुण होता, कामाला पक्का. त्यानं गुडघे टेकून आकड्यांवर टॉर्च तिरपी धरली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. आमचं मत त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. क्रमांक चोरीच्या गाड्यांच्या यादीत तपासला, तिथं काही निघालं नाही. फॉर्मवर त्यानं शेवटचा आकडा लिहिला तेव्हा मी त्याच्या पेनकडे बघत होते. तीन.

परतताना हायवेवरच्या ट्रकथांब्यावर कॅट स्केलचा वजनकाटा आहे, तिथं वजन केलं. शास्ता घेऊन एकदा, घरी उतरवून नुसत्या सपाट ट्रेलरचं पुन्हा एकदा. फरक दोन हजार चाळीस पौंड. कागदोपत्री वजन कुठंच नसेल तर ही पावती लागते, आणि दुसरं वजन त्याच दिवशी केलं तर पैसेही कमी पडतात.

आता हकीकत लिहायची होती. व्हीटीआर-१३०-एसओएफ या फॉर्मवर, गाडी तुमच्याकडे कशी आली आणि टायटल का नाही, ते तुमच्या शब्दांत मांडायचं असतं. या सगळ्या प्रकरणातला गाभा मला हाच वाटतो. लोक इथं एक ओळ लिहितात, 'टायटल हरवलं', आणि अडकतात. माझं पहिलं टिपण दोन पानी झालं होतं, त्यात मी कसं प्रेमात पडले तेही होतं. ते सगळं काढलं. राहिलं ते असं: १९७१मध्ये कुणी, कुणाकडून, कसा घेतला, तो कुठं उभा होता, घेणारा कधी वारला, मुलीनं मला कधी, किती रकमेला विकला, जुना मालक शोधायला आम्ही काय काय केलं. जे ठाऊक नव्हतं तिथं 'ठाऊक नाही' असंच लिहिलं. खाली सही करताना जाणवलं की ही शपथेवरची गोष्ट आहे. यातली एक ओळ रंगवली तरी उद्या हमी कंपनी आणि कायदा दोघंही माझ्याच दारात उभे राहतील.

१९७१ या सालाला आधार काय, हा प्रश्न मला सतावत होता. तो आतच सापडला. कुजलेलं प्लाय काढत होतो तेव्हा कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून बाजूला टेकवलं. दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपाशी एक अक्षर आणि साल: १९७१, १९७२, १९७४, १९७५. पोरांच्या उंच्या! सगळ्यात खालची रेघ माझ्या कमरेला लागत होती. बाईंना फोटो पाठवला, तर त्यांनी लगेच फोन केला. सगळ्यात खालची रेघ त्यांच्या धाकट्या भावाची. तो आता नाही. हा फोटो मी हकीकतीला जोडला. असला कागद कुणी मागत नाही, पण खरी गोष्ट सांगताना तो बाहेर ठेवणं मला जमलं नसतं.

सगळा जुडगा घेऊन विभागाच्या प्रादेशिक केंद्रात गेलो: हकीकत, विक्रीपत्र, चेकची प्रत, पोलिसांचा फॉर्म, वजनाची पावती, ओळखपत्र. फी पंधरा डॉलर. खिडकीवरच्या बाईंनी एकेक पान वाचलं, दाराचा फोटो जरा जास्त वेळ हातात धरला आणि परत जुडग्यात ठेवला. किमतीचा नियम त्यांनी समजावून सांगितला: ट्रेलर आठशेला घेतला असला तरी एवढ्या जुन्या गाडीची किंमत किमान चार हजार धरतात. म्हणजे हमी सहा हजारांची. पुढं त्यांचं निर्णयपत्र आलं. बाँड घ्यायला त्यावर एक वर्षाची मुदत असते. अर्ज नाकारला गेला तर काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कर अधिकाऱ्यापुढं सुनावणी मागता येते, आम्हाला तशी वेळ आली नाही.

सहा हजार हा आकडा ऐकून नवऱ्याचा चेहरा उतरला होता. पण ती हमीची रक्कम, आपण द्यायचा तो फक्त हप्ता, एकदाच. आम्हाला शंभर डॉलर पडले. एजन्सीकडून बाँड दोन दिवसांत आला आणि त्यावर शेवटचा आकडा होता आठ.

मी तीन वेळा वाचला. एवढा आटापिटा ज्या आकड्यासाठी केला तोच चुकावा, याचा फार राग आला. तो तसाच काउंटीत नेला असता तर अर्ज परत आला असता. शिवाय बाँड निघाल्यापासून तीस दिवसांत टायटलचा अर्ज द्यावा लागतो. दुरुस्त बाँड यायला नऊ दिवस गेले, त्यातले निम्मे फोन करण्यात. तेव्हा बाँड हातात आल्यावर तिथल्या तिथं नाव, क्रमांक, साल, रक्कम, सही, सगळं निर्णयपत्राशी ताडून पाहा.

काउंटीच्या कार्यालयातलं काम अर्ध्या तासात उरकलं. १३०-यू हा टायटलचा अर्ज, आठशे डॉलरवर सव्वासहा टक्के कर म्हणजे पन्नास डॉलर, टायटलची फी काउंटीप्रमाणे अठ्ठावीस किंवा तेहतीस, वर नोंदणी. अर्जात एक रकाना आहे: आधीच्या मालकाचं नाव. तिथं बाईंचं नाव लिहिलं. लग्नानंतरही त्यांनी वडिलांचंच आडनाव ठेवलेलं आहे.

जूनमध्ये पाकीट आलं. मी ते स्वयंपाकघरात न उघडता बाहेर घेऊन गेले, शास्ताच्या पुढच्या सांगाड्यापाशी बसले आणि पोलादावरच्या आकड्यांवर बोट ठेवत कागदावरचे आकडे जुळवले. जुळले. माझं नाव, बाँडेड हा शेरा, आणि खाली छोट्या अक्षरांत आधीच्या मालकाचं नाव.

बाईंना फोन केला. मी सांगत होते ते त्यांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "आमचं आडनाव आहे त्यावर? छापलेलं?"

"आहे."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "बाबांकडं यातला एक कागद नव्हता कधी. मला एक झेरॉक्स पाठवाल?"

दुसऱ्या दिवशी पाठवली. कपाटाचं ते दार आम्ही बदललेलं नाही. बाकी सगळं प्लाय नवीन आहे.